पाण्याच्या वेळेखालची ओळ

ताई, नमस्कार.

मी जुळे सोलापुरात राहतो. वय ६७. आयुष्यभर एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिले. आमच्या सोसायटीच्या गेटाशी एक फळा आहे. नळाला पाणी कधी येणार ते लिहायला आम्ही वर्गणी काढून तो घेतला आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. पाणी चार दिवसांआड. मधले दिवस फळा रिकामा. तीन वर्षांपूर्वी मी पाण्याच्या वेळेखाली एक ओळ लिहायला लागलो. सकाळी पेपर वाचायचा आणि त्यातल्या एखाद्या बातमीवर खडूनं शेरा मारायचा. ‘उजनी प्लसमध्ये, नळ मायनसमध्ये.’ ‘समांतर जलवाहिनीचे काम प्रगतिपथावर. समांतर रेषा कधी मिळत नाहीत, असे आम्हाला शाळेत शिकवले होते.’ लोक थांबून वाचतात, हसतात. दूधवाला फोटो काढून पुढच्या सोसायटीत दाखवतो.

आता चेअरमन म्हणतात, सोसायटीच्या फळ्यावर राजकारण नको. मुलगा पुण्यात असतो. तो म्हणतो, बाबा, उगं कोणी अब्रुनुकसानीची केस टाकली तर? बायको महिनाभर नीट बोलत नाही, पण तिचं कारण वेगळं आहे. दुचाकीवरच्या चोरट्यांनी एका महिलेचं गंठण ओढून नेल्याची बातमी होती. मी लिहिलं, ‘सोन्याचा भाव बघता गंठण घालून फिरणाऱ्यांचे धाडस चोरट्यांपेक्षा मोठे.’ ती महिला आमच्याच सोसायटीतली निघाली. पेपरात नाव नव्हतं, मला काय माहीत? कळल्यावर लगेच पुसलं. त्यांच्या मानेवर वळ उठले होते म्हणे. असो.

तर ताई, शेरे बंद करावेत का? सोबत फळ्याचा फोटो जोडलाय.

– फळ्यावाले काका

काका, नमस्कार.

तुमचं पत्र पहिल्यांदा हसत वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या ‘असो’पाशी थांबले. तिकडे मी येणारच आहे. पण तुम्ही विचारलंय शेऱ्यांबद्दल, आणि हा विषय माझ्या आवडीचा आहे, तेव्हा आधी त्यावर बोलते.

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. आमच्या घराखाली यंत्रमागाचा कारखाना होता. चहाच्या वेळी माग थांबले की कान एकदम मोकळे व्हायचे, आणि मग खालून पेपर वाचल्याचा आवाज यायचा. एक जण मराठी पेपर मोठ्यानं वाचायचा. ज्यांना मराठी कळत नव्हतं त्यांच्यासाठी दुसरा लगेच त्याचं तेलुगूत करायचा. गंमत सगळी त्या दुसऱ्यात होती. पेपरात असायचं, ‘पाणीप्रश्नावरून पालकमंत्र्यांनी अधिकाऱ्यांना धारेवर धरले.’ हा तेलुगूत सांगायचा, ‘मंत्री ओरडले, साहेबांनी मान हलवली, मग सगळ्यांनी मिळून चहा घेतला.’ दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका खो खो हसायच्या, पण बोटं थांबायची नाहीत. माझ्या आजीची तर खात्री होती की पेपरात हेच छापून येतं. तिला पेपर फार खरं बोलणारा वाटायचा.

म्हणजे तुम्ही करताय ते काही नवं नाही. सोलापुरात बातमी ऐकून ‘काय सांगालाय बे’ म्हटल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. आणि आपल्या पेपरांची भाषा शेऱ्याला आमंत्रण देणारीच असते, हेही कबूल. कुठंही काहीही झालं की ‘एकच खळबळ’ उडते. दोन खळबळी कधी उडत नाहीत. खड्डा बुजवायचं काम ‘युद्धपातळीवर’ चालतं आणि युद्ध काही संपत नाही. एप्रिलमध्ये पारा ४३ वर गेला की दरवर्षी ‘सोलापूरकर हैराण’. हैराण कसले होतात? डोक्यावर ओला टॉवेल टाकतात आणि ‘एवढं काय नाही, त्या वर्षी ४४ होता’ म्हणून मोठेपणा सांगतात. वार्ताहराची बाजूही बघा मात्र. त्याच्या टेबलावर वीस प्रसिद्धिपत्रकं पडलेली असतात, प्रत्येकातला कार्यक्रम ‘मान्यवरांच्या उपस्थितीत उत्साहात संपन्न’ झालेला असतो, आणि संध्याकाळपर्यंत पान भरायचं असतं. त्याच्या भाषेला हसा. त्याला हसू नका.

आता तुमच्या गाजलेल्या शेऱ्याकडे. उजनी धरणावरची ओळ मलाही आवडली, पण ती अर्धवट वाटली. तुम्ही हिशेबाचे माणूस, म्हणून स्पष्ट सांगते. धरण प्लसमध्ये आलं, मायनसमध्ये गेलं, हे पेपर रोज छापतात. मायनस म्हणजे काय, हे क्वचित. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं. त्यातलं ६३.६६ टीएमसी मृत साठा, म्हणजे तळाचं, एरवी न वापरायचं पाणी, आणि त्याच्या वरचा ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर. म्हणून ‘उणे ५० टक्के’ असं वाचलं की शेजारच्या आजी म्हणतात, संपलं की आता सगळं. प्रत्यक्षात मृत साठ्यातलं जवळपास २७ टीएमसी वापरलेलं असतं आणि ३७ च्या आसपास शिल्लक असतं. त्यातला गाळ किती, तो हिशेब वेगळा. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ६० च्या जवळ गेलं होतं, तेव्हा आपल्या गल्लीगल्लीत बोअर मारायची घाई झाली होती. पुढं पावसाळ्यात धरण शंभर टक्क्यांच्या वर गेलं की पेपरात फुलं वाहिल्याचे फोटो. आणि आपला नळ? धरण उणे असो की अधिक, त्याचं आपलं चार दिवसांआड चालूच.

म्हणजे अडचण धरणात किती पाणी आहे एवढीच नाही. ते शहरापर्यंत येतं कसं, टाक्यांत चढतं कसं आणि पेठापेठांत वाटलं जातं कसं, तिथं आहे. वर्षानुवर्षं शहरासाठी उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडायचं, ते शंभरावर किलोमीटर वाहत औज बंधाऱ्यापर्यंत आणायचं आणि टाकळीहून उपसायचं, हा उद्योग चालला. वाटेत किती मुरतं, किती उडतं, किती मोटारी लागतात, ते नदीकाठाला विचारा. उजनीहून थेट शहरात पाणी आणणारी समांतर जलवाहिनी हवी होती ती यासाठीच. तुमच्या समांतर रेषांच्या शेऱ्यावर मी हसले, पण ती जलवाहिनी का हवी, हे वाचणाऱ्याला कळलं नाही. हिशेबनिसाला शोभेल असं लिहा की. ‘उजनी १०० टक्के. पाच दिवसांत एकदा पाणी, म्हणजे नळ २० टक्के.’ यात मत नाही, टोमणा नाही, नुसता भागाकार आहे. कोणाला काय खोडायचं ते खोडू दे.

आणि त्या भागाकाराचं पुढं काही करावंसं वाटलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं तिकीट, एकच विषय, १५० शब्दांची मर्यादा, आणि ३० दिवसांत उत्तर द्यायची त्यांच्यावर सक्ती. ‘आमच्या भागातल्या टाकीत गेल्या तीन महिन्यांत कोणत्या दिवशी किती पाणी चढवले?’ एवढंच विचारा. तुमच्यासारख्या एका ओळीत बोलणाऱ्याला १५० शब्द म्हणजे चैन आहे. उत्तर आलं की ते जसंच्या तसं फळ्यावर. त्याच्याएवढा विनोदी मजकूर तुम्हालाही सुचणार नाही.

दुसरं उदाहरण देते. होटगी रोडचं विमानतळ. आपल्या पेपरांत ‘विमानसेवा लवकरच’ हा मथळा इतक्यांदा आलाय की त्याचा ठसा करून ठेवला असता तर शाई वाचली असती. यावर चुरचुरीत काही लिहायचा मोह कोणालाही होईल. पण तुम्ही नुसत्या तारखा लिहा. १५ जून २०२३, विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. २९ सप्टेंबर २०२४, विमानतळाचं उद्घाटन, दूरदृश्य प्रणालीनं. ९ जून २०२५, पहिलं विमान, गोव्याला. चिमणी पडल्यापासून विमान उडेपर्यंत दोन वर्षांना सहा दिवस कमी. बस्स. खाली काही लिहू नका. चिमणीवर तर एक अक्षरही नको. ज्यांचा ऊस त्या कारखान्याला जायचा त्यांनी ती पडताना उभं राहून बघितली आहे, आणि त्यातले काही तुमच्या गेटावरून जात असतील.

पेपर रोज नवा येतो, म्हणून त्याला कालचं आठवायची गरज पडत नाही. तुम्हाला आठवतं. तुमच्यापाशी शेऱ्यांपेक्षा मोलाची गोष्ट ही आहे. जानेवारी २०१६ मध्ये आपलं शहर स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आलं, तेव्हा पेपरांनी काय काय होणार म्हणून छापलं होतं? तो अंक कोणाच्या माळ्यावर सापडला तर त्यातला एक परिच्छेद उतरवून खाली तारीख टाका. दोन उड्डाणपुलांचं भूसंपादन ‘अंतिम टप्प्यात’ आल्याची कात्रणं जमवा. अंतिम टप्पे किती होते ते मोजायला मजा येईल. एक दोनशे पानी वही घ्या. रद्दी विकायच्या आधी कात्रण कापा, चिकटवा, तारीख घाला. शेरा सुचायला बुद्धी लागते आणि ती सगळ्यांना रोज असते असं नाही. मला तर सदर लिहायच्या दिवशी हमखास नसते. तारीख कधी दगा देत नाही.

मुलाची भीती थोडक्यात. भारतीय न्याय संहितेत अब्रुनुकसानीचं कलम ३५६ आहे, पूर्वीच्या ४९९ आणि ५०० च्या जागी. सार्वजनिक पदावरच्या माणसाच्या सार्वजनिक कामाबद्दल सद्भावनेनं मत मांडायला त्यात अपवाद ठेवलेला आहे. पण अमक्यानं पैसे खाल्ले, तमक्याचा हात होता, असलं पुराव्याशिवाय कधी लिहू नका. मी वकील नाही, पण एवढं मलाही माहीत आहे की धरण, नळ आणि खड्डा केस टाकत नाहीत.

चेअरमनांचं म्हणणं मला सगळंच चूक वाटत नाही. फळा वर्गणीचा आहे, तुमचा एकट्याचा नाही. तीन वर्षं कोणी हरकत घेतली नाही म्हणून तो तुमच्या नावावर होत नाही. पुढच्या सभेत विषय मांडा. लोकांना हवं असेल तर ठेवतील. नको असेल तर एक पाटी आणा आणि स्वतःच्या दारावर टांगा. दूधवाला काय, तिसऱ्या मजल्यावरही येतोच.

आता ‘असो’.

काका, तीन वर्षं तुम्ही पेपरच्या भाषेची खोड काढलीत. या एका बातमीत मात्र तुम्ही त्याच भाषेत बोललात. गंठणाच्या बातम्या कशा छापून येतात बघा. ‘धूम स्टाईल’ चोरटे, मिनी गंठण ‘लंपास’, आणि शेवटी महिलांनी दागिने घालून फिरताना काळजी घ्यावी असा सल्ला. वाचताना एखादा खेळ चाललाय असं वाटतं. तुम्ही त्यात एक ओळ वाढवलीत. तीही काढायला सोपी, कारण चोर सापडलेला नसतो आणि बाई सापडलेली असते.

‘नाव नव्हतं, मला काय माहीत’, असं तुम्ही लिहिलंय. ती दुसऱ्या सोसायटीतली असती तर तो शेरा चालला असता का? उजनीच्या बातमीत नाव नसतं, कारण तिथं कोणी माणूस नसतो. इथं नाव छापलेलं नसतानाही माणूस होता. आणि ‘वळ उठले होते म्हणे’ मधलं ते ‘म्हणे’ मला खटकलं. तुम्ही महिनाभरात एकदाही जाऊन विचारलेलं नाही, असा मी त्याचा अर्थ लावला. चूक असेल तर सांगा.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. पाणी कधी येणार हे बघायला त्या बाईंना त्या फळ्यापाशी यावंच लागतं. एरवी ज्यांच्यावर तुम्ही शेरा मारता त्यांना तो टाळता येतो, या बाईंना नाही. गळ्याला हळद लावून, पोलीस स्टेशनच्या चकरा मारून त्या गेटातून आत आल्या असतील, पहाटे किती वाजता उठायचं ते बघायला मान वर केली असेल, आणि खाली तुमचं अक्षर. तुम्ही पुसलंत ते त्यांनी वाचल्यावर.

आमच्या अक्काची गोष्ट सांगते. गड्ड्याच्या, म्हणजे होम मैदानावर भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीत तिची सोन्याची माळ कोणीतरी कापून नेली. आमच्या घरात त्याचा वर्षानुवर्षं विनोद झाला. ‘अक्का, यंदा माळ घालून येणार का चोराला द्यायला?’ ती स्वतःही हसायची. बऱ्याच वर्षांनी माझ्या लक्षात आलं की त्यानंतर ती एकदाही होम मैदानावर आली नव्हती. यात्रेचे नंदीध्वज दारावरून जाताना बघायची, हात जोडायची आणि आत जायची. तिला गर्दी आवडत नाही, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं.

तर उद्या संध्याकाळी त्यांच्याकडे जा. संक्रांतीला तिळगूळ देऊन मिटवू, असं मनात असेल तर ते काढून टाका, इतकं लांबवायचं काही कारण नाही. पिशवीत शेंगाचटणी, चादर असलं काही नेऊ नका. बायको सोबत आली तर उत्तमच, पण बोलायचं तुम्ही. ‘मला माहीत नव्हतं’नं सुरुवात करू नका. ‘मी लिहिलं ते चुकलं’ एवढ्यानं करा, आणि मग गप्प बसा. गप्प बसणं तुम्हाला जड जाईल, याची कल्पना आहे. त्या बोलल्या तर ऐका. नाहीच बोलल्या, दारातूनच ‘बरं’ म्हणाल्या, तरी परत या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ नका. मानेचं कसं आहे, हे मात्र विचारा. पोलिसांत काही अडलं असेल, कोणी सोबत यायला हवं असेल, तर तुमच्याकडे वेळ आहे आणि अर्ज लिहायचा हात आहे.

फळ्यावर माफी लिहायचा विचार आला असेल, तुमच्या स्वभावाकडे बघता आलाच असेल. तो करू नका. सोसायटीतल्या अर्ध्या लोकांना अजून माहीत नसेल की ती बाई कोण. तुमच्या माफीमुळं सगळ्यांना कळेल. त्यांनी स्वतः सांगितलं तरच, आणि त्या सांगतील त्या शब्दांत.

बायकोशीही बोला. महिनाभर जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, हळदीकुंकवाला त्या बाईंच्या समोर पडायचं काम तिच्या वाट्याला आलंय. तुम्ही फळा पुसून आत गेलात.

शेरे बंद करू नका, असं माझं मत आहे. वही घ्या, तारखा लिहा, उजनीचा भागाकार मांडा. पण त्या बाईंकडे जाऊन येईपर्यंत फळ्यावर फक्त पाण्याची वेळ असू दे. आणि ती मोठ्या अक्षरात लिहा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत शेरा हातभर आहे, आणि ‘पहाटे ४ ते ६’ कोपऱ्यात मुंगीएवढं.